अस्वलाचे मोल

परप्रांती बदलून आलेल्या मराठी माणसाचा आपल्या पाहुण्यांशी एक अलिखित करार झालेला असतो. नागपुराहून येवो की पुण्याहून, पाहुण्यास ताजमहाल दाखवून आणल्यावाचून यजमानाची सुटका नाही. गाझियाबादेत बिऱ्हाड केल्यापासून आम्ही ही आग्र्याची वारी इतक्या वेळा केली आहे की, ताजमहालाविषयी सांगण्यासारखे आमच्यापाशी काही उरलेले नाही. आमच्या मनात राहिले आहे ते त्या वाटेवरचे अस्वल. आग्र्याहून फत्तेपूर सिक्रीस जाताना रस्त्याच्या कडेला पूर्वी कलंदर उभे असत. मोटार दिसताच दोरीला हिसका बसे आणि धुळीने माखलेले एक काळे अस्वल मागच्या पायांवर उभे राही. परदेशी प्रवासी छायाचित्रे घेत, आणि आमच्या पाहुण्यांची मुले टाळ्या पिटीत.

आपल्याकडे या कलंदरास दरवेशी म्हणत. मूल झोपेत दचकू लागले की, घरातील वडील माणसे दरवेशास थांबवीत, मुलास क्षणभर अस्वलाच्या पाठीवर बसवीत आणि त्याचे चार केस मागून घेऊन ताइतात घालीत. त्यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. परंतु अस्वलाची किंमत तुकड्यातुकड्याने करण्याची सुरुवात अशा निरागस व्यवहारातच होते, हे मान्य केले पाहिजे.

कारण ते अस्वल हौसेने नाचत नसे. पिल्लू लहान असतानाच तापलेल्या सुईने त्याचे नाकाड भोसकून त्यातून दोरी ओवीत. सुळे मोडून टाकीत. दोरी वर ओढली की वेदना कमी व्हावी म्हणून ते उठे, आणि त्या उठण्यास आपण नाच म्हणत होतो. हे पिल्लू मिळवावयाचे कसे? आपल्या रानांतील अस्वलीण पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते व त्यांच्यासाठी जिवावर उदार होते. म्हणून बहुधा प्रथम तिलाच मारावे लागे. पिल्लू कलंदराकडे जाई आणि आईचे केस, नखे, चरबी व पित्ताशय वेगवेगळ्या गिऱ्हाइकांकडे.

यांत सर्वांत महाग ते पित्त. चिनी वैद्यकात अस्वलाच्या पित्ताचा वापर तेराशे वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे, आणि त्यास आधार नाही असेही म्हणता येत नाही. यकृताच्या विकारांवर उपयोगी पडणारे अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल त्यात सापडते; त्याच्या नावातले पहिले अक्षरद्वयच लॅटिनमधील अस्वलावरून आले आहे. गंमत अशी की, हेच द्रव्य आता गुरांच्या पित्तापासून कारखान्यात तयार होते, आणि गाझियाबादच्या साध्या औषधाच्या दुकानातही त्याची गोळी वैद्याच्या चिठ्ठीवर मिळते. तरीही हिमालयातील काळ्या अस्वलापासून मध्य भारतातील अस्वलापर्यंत पित्ताशयासाठी शिकार होतेच. बाजारात अस्वलाचे म्हणून विकले जाणारे पित्ताशय पुष्कळदा डुकराचे निघते. पण खोट्या मालाने खऱ्याची मागणी कमी होत नाही, उलट तिचा भाव चढाच राहतो.

आम्हां सरकारी नोकरांचा कागदावर विश्वास फार. या बाबतीत कागद उणे नव्हते. १९६०चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा होता. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. आज त्याच्या पहिल्या अनुसूचीत अस्वलास स्थान आहे. १९९८च्या अधिसूचनेने अस्वलाचे खेळ करण्यास मनाई केली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. अस्वलांच्या अवयवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. इतके होऊनही कलंदर रस्त्यावरून लगेच हलला नाही; कारण त्या दोरीच्या दुसऱ्या टोकास त्याचेही पोट बांधलेले होते. अस्वल जप्त करून त्यास तुरुंगात धाडले असते, तर त्याचा मुलगा दुसऱ्या पिल्लाच्या शोधात निघाला असता.

ही गाठ सोडविली ती कागदास माणुसकीची जोड देणाऱ्यांनी. १९९५ साली स्थापन झालेल्या वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने उत्तर प्रदेशच्या वनखात्याच्या साहाय्याने आग्र्याजवळ कीठमच्या तलावाकाठी अस्वलांसाठी आसरा उभारला. २००२ सालापासून तेथे नाचाची अस्वले येऊ लागली. अस्वल देणाऱ्या कलंदरास दुसऱ्या धंद्यासाठी भांडवल मिळे, बायकांना शिवणकाम वगैरे शिकवीत, मुलांना शाळेत घालीत. सहाशेहून अधिक अस्वलांच्या दोऱ्या अशा सुटल्या आणि २००९ साली रस्त्यावरचे अखेरचे नाचणारे अस्वल कर्नाटकात मुक्त झाले. नाकाड फाटलेल्या व सुळे मोडलेल्या त्या जनावरांना परत रानात सोडता येत नाही. जन्मभर त्यांना सांभाळावे लागते. स्वातंत्र्य उशिरा मिळाले की ते असेच अर्धे मिळते.

रानातील अस्वलाचे मात्र अजून भागलेले नाही. मेळघाटात किंवा गडचिरोलीत नोकरी केलेल्यांस ठाऊक आहे की, उन्हाळ्यात पहाटे मोहफुले वेचावयास गेलेली बाई आणि त्याच फुलांसाठी आलेले अस्वल एकाच झाडाखाली भेटतात. अस्वलास दुरून नीट दिसत नाही. ते घाबरते आणि चेहऱ्यावरच पंजा मारते. असा माणूस पुढे कुरूप होऊन जगतो. त्यास अस्वलाविषयी करुणेचे व्याख्यान देण्याचा अधिकार शहरात राहणाऱ्या आम्हांस नाही. त्यास वेळेवर उपचार व नुकसानभरपाई मिळाली आणि सरपणासाठी एकट्याने रानात शिरण्याची पाळी त्याच्यावर आली नाही, तरच शिकाऱ्याचा हस्तक होण्याचा मोह तो टाळील. कलंदराच्या बाबतीत जे खरे ठरले, ते येथेही खरे आहे.

आपल्या पुराणांत मारुतीस त्याच्या बळाची आठवण करून देणारा जाम्बवान अस्वलांचा राजा होता. त्याच्या कुळातील प्राण्यास आपण केस, नख, पित्त आणि नाच इतक्या भागांत वाटून घेतले. वाळवीची वारुळे फोडणाऱ्या आणि खाल्लेल्या फळांच्या बिया रानभर पेरणाऱ्या सबंध अस्वलाचे मोल मात्र कोणत्याच बाजारात लागत नाही. बाजारात न लागणारे मोल राखणे हेच तर राज्यकारभाराचे काम. आणि आपल्यापैकी पुष्कळांचा चरितार्थ त्याच कामावर चालतो.