मुदत फक्त बोली लावणाऱ्यालाच का?

पेपरातल्या 'जाहीर ई-लिलाव' वाल्या नोटिसा आपण नुसत्या चाळतो. पाथर्डी फाट्याजवळच्या अशाच एका जप्त फ्लॅटसाठी आम्ही बोली लावली. सर्वात मोठी आमचीच निघाली. मग सुरू झालं वाट बघणं. "साहेब मीटिंगमध्ये आहेत", "फाईल वर गेलीय", "पुढच्या आठवड्यात या".

सरफेसी कायदा 2002 चा. त्याच्या नियमांत बोली लावणाऱ्यासाठी सगळं काटेकोर आहे. अनामत धरून 25 टक्के त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी. उरलेले 75 टक्के विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. चुकलात की पैसे जप्त. 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानेही अशी जप्ती योग्य ठरवली. पण बँकेने विक्री किती दिवसांत कायम करायची? तिथे मात्र आकडा नाही!

तोवर आमचे 25 टक्के अडकलेले, घरभाडं चालूच. आणि ज्याचं घर गेलं त्याचं काय? विक्रीचे पैसे खात्यात जमा होईपर्यंत त्याच्या कर्जावर व्याज चढतच राहतं. म्हणजे बँकेच्या दिरंगाईचा भुर्दंड दोघांनाही.

मागणी एवढीच: हो की नाही, ते 15 दिवसांत लेखी कळवा.

आणि बोली लावणाऱ्यांनो, नोटिशीत ताबा 'प्रत्यक्ष' आहे की 'सांकेतिक', ते आधी वाचा. सांकेतिक म्हणजे घरात अजून माणसं राहत असू शकतात. मग पैसे भरूनही वाट बघणं आलंच.