काठीच्या टोकाला जाळी

एप्रिल सरत आला की शिरवळच्या शिवारात बांधाबांधांवरचे रायवळ आंबे पाडाला लागतात आणि वर्षभर वळचणीला पडून असलेला एक बांबू बाहेर निघतो. बुडाशी मनगटाएवढा, शेंड्याला अंगठ्याएवढा. शेंड्याला लोखंडी सळईची कडी, कडीला सुतळीची नाहीतर नायलॉनच्या दोरीची जाळी आणि कडीच्या तोंडाशी देठ कापायला छोटेसे पाते. हा झेला. खालून बघणाऱ्याला आंबा दिसतो, देठ दिसत नाही. म्हणून हात अंदाजानेच चालतो, पाते देठाला टेकवून हलका हिसडा देतो आणि फळ जाळीत येते. ते जमिनीवर पडत नाही, एवढीच या साधनाची करामत. पण ती थोडी नव्हे. आपटलेली कैरी वरून धड दिसते, लोणच्यात गेली की मार लागलेली फोड आधी मऊ पडते आणि मग बरणीच हातची जाते. देठ बोटभर ठेवून उतरवलेल्या आंब्याचा चीक सालीवर ओघळत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने याच झेल्यात सुधारणा करून ‘नूतन झेला’ बागायतदारांच्या हाती दिला. आपल्या भाषेने मात्र त्याच्या कितीतरी आधी एक काम उरकून ठेवले होते: फळ उतरवायचे साधन तो झेला आणि मैदानावर चेंडू पकडला तो झेल. दोन्हींना तिने एकाच क्रियापदातून नाव दिले.

लॅक्रोस ज्याने कधी पाहिलेले नाही त्याला ते समजावून सांगायला झेल्याहून सोपी वस्तू सापडणार नाही. काठीच्या टोकाला जाळी, जाळीत रबरी चेंडू. पळता पळता तो झेलायचा, जाळीतच सांभाळायचा आणि तिथूनच जोडीदाराकडे किंवा गोलात भिरकवायचा. गोलरक्षकाखेरीज कोणी चेंडूला हात लावायचा नाही. उत्तर अमेरिकेतल्या हौडेनोसौनी आणि इतर मूळ लोकांचा हा शतकांपासूनचा खेळ. त्यांच्यात तो आजाऱ्याला बरे वाटावे म्हणूनही खेळला जातो. सतराव्या शतकात तिथे गेलेल्या फ्रेंच मिशनऱ्यांनी टोकाशी वाकलेल्या काठीवरून त्याला नाव दिले आणि 1867च्या सुमारास माँट्रियलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बिअर्स यांनी त्याचे नियम बांधले. हे सारे फार दूरचे वाटेल. पण 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये लॅक्रोस घ्यायचे, हा ठराव झाला तो मुंबईत. 16 ऑक्टोबर 2023 रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात एकाच बैठकीत पाच खेळांना दार उघडले: क्रिकेट, स्क्वॉश, बेसबॉल-सॉफ्टबॉल, फ्लॅग फुटबॉल आणि लॅक्रोस. आपल्याकडे चर्चा झाली ती पहिल्याची. शेवटच्याचे नाव बातमीच्या तळाशी राहिले, आणि ज्या भाषेत ती बातमी छापली गेली त्या भाषेकडे या खेळाच्या काठीला घरचा शब्द आहे हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

तेव्हा या खेळाचे सामान निवडायचे कसे, असा प्रश्न कोणी विचारला तर माझे उत्तर असे की आधी खेळ बाजूला ठेवावा आणि वस्तूचे काम विचारावे. दुकानदार खेळाडूची जागा विचारतो, पैसे किती खर्चणार ते विचारतो, रंगही विचारतो. काम विचारत नाही. काठीचे काम हात लांब करणे. झेल्याचा बांबू झाडाच्या उंचीवर ठरतो, लॅक्रोसची काठी खेळाडूच्या जागेवर: पुरुषांच्या मैदानी खेळात चढाई करणाऱ्याची साधारण 102 ते 107 सेंटीमीटर, बचाव करणाऱ्याची 183 सेंटीमीटरपर्यंत. लांब काठी दूरचे अडवते, पण जड आणि संथ. आखूड काठी चपळ, पण आवाका कमी. शेंड्याला जास्त वजन झाले तर बांबू जसा खांदा मोडतो तशी काठीही मनगट मोडते. जाळीचा खिसा किती खोल असावा हाही तोच हिशेब. खोल खिशात चेंडू पळतानाही हलत नाही, पण फेकताना अडकून उशिरा सुटतो. उथळ खिशातून झटकन सुटतो आणि धक्का लागला की सांडतोही. झेल्याला फेकायचे नसते, म्हणून त्याची जाळी बिनघोर खोल असते आणि एका खेपेला तीन-चार आंबे पोटात घेते. नवा खिसा पहिल्या दिवशी कामाचा नसतो. नव्या कोल्हापुरी वहाणेसारखा तो हाताखाली मुरावा लागतो.

आणि दांड्याचा आकार. याच्याकडे फार थोडे लोक बघतात. आजच्या अॅल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या काठ्या बहुधा अष्टकोनी असतात आणि ते काही देखणेपणासाठी नाही. कुऱ्हाडीचा दांडा सुतार गोल करत नाही, अंड्यासारखा चपटा ठेवतो, त्यामागचेच कारण इथे आहे: हाताला न बघता कळावे की तोंड कुठे आहे. पळणाऱ्या माणसाला जाळीकडे बघायला सवड नसते. मुठीतल्या कडा त्याला ती कुठे वळली आहे ते सांगतात. झेल्याचा बांबू गोल, म्हणून त्याच्या धन्याची मान सतत वर. हिकरी या अक्रोडाच्या कुळातल्या लाकडाची जुनी काठी वाफेवर वाकवून, महिनोन्महिने वाळवून करत आणि काही कारागीर आजही करतात. तिची पारख आपला सुतार नांगराचे लाकूड पारखतो तशीच होते: रेषा सरळ धावते की मध्येच तुटते, हे बघून.

इथे एक हरकत येणार, आणि ती रास्त आहे. एका कामाची वस्तू त्या कामाला सर्वांत चांगली. जी दहा कामांना येते ती दहाही कामांत बेताची. लॅक्रोसच्या काठीने आंबे उतरवू गेलो तर काय होईल? फजिती होईल. तिला पाते नाही आणि ती झाडाच्या निम्म्यातही पोचत नाही. हाताशी आलेल्या फांदीवरची पेरू-सीताफळे मात्र ती झेलेल, कारण ते तिचे मूळचे कामच आहे. मी सांगतो आहे ते वस्तू कुठेही वापरा असे नव्हे. वस्तूचे कूळ ओळखले की तिला कुठे नेता येईल हे कळते, आणि कुठे नेऊ नये हेही कळते, एवढेच म्हणणे आहे. ज्वारीच्या माळ्यावर पाखरे राखणाऱ्याची गोफण या काठीची चुलत बहीण. एकीने हात दोरीने लांब केला, दुसरीने लाकडाने. दोघींचे मर्म नेमक्या क्षणी सोडण्यात. दगड न घालताही गोफणीच्या शेवटाचा फटकारा पाखरे उठवतो आणि संध्याकाळी तीच दोरी कडब्याची पेंढी बांधायला चालते. शिंके, बैलाच्या तोंडाची मुसकी, कोळ्याचे जाळे, लॅक्रोसचा खिसा: गाठींचे हे सगळे एकच घराणे. ज्याला शिंके विणता येते तो सुटलेला खिसा दुरुस्त करील. त्याला खेळाचे नाव ठाऊक असण्याची गरज नाही.

लॅक्रोसचा चेंडू या कुळात बसत नाही, पण मैदानाबाहेर सर्वांत लांबची मजल त्यानेच मारली आहे. हा भरीव रबराचा गोळा, वजन 142 ते 149 ग्रॅम. आकाराने टेनिसच्या चेंडूच्या आसपास, वजनाला त्याच्या अडीचपट. क्रिकेटच्या चेंडूहून थोडा लहान नि थोडा हलका. टेनिसचा चेंडू पाठीखाली घेतला तर चेपतो, क्रिकेटचा शिवणीने रुततो. हा चेपत नाही आणि रुततही नाही. म्हणून व्यायामशाळांतून आणि फिजिओथेरपिस्टांकडून तो घरोघर गेला आणि कित्येकांना हा कुठल्या खेळाचा चेंडू आहे याचा पत्ताही नाही. शिरवळच्या औद्योगिक पट्ट्यात यंत्रापुढे आठ-आठ तास उभे राहणारे आहेत, पुण्याला रोज दुचाकीने जाऊन येणारे आहेत. त्यांच्या टाचा, पोटऱ्या, खांद्याच्या फऱ्यामागची गाठ हेच या चेंडूचे दुसरे मैदान. भिंत आणि पाठ यांच्यात तो धरायचा, गुडघे किंचित वाकवायचे आणि गाठ सापडली की घासायचे नाही, श्वास सोडत तिथे थांबायचे. आपल्याकडे तळपाय काशाच्या वाटीने चोळण्याची जुनी रीत आहे, पण वाटी धरायला दुसरे माणूस लागते. रात्री बारा वाजता पाळी संपवून आलेल्याला ते माणूस जागे मिळेलच असे नाही. मणक्याच्या हाडावर हा चेंडू कधी दाबू नये, आणि मधुमेहाने ज्यांच्या तळपायाची जाणीव कमी झाली आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून वापरू नये. गंमत अशी की खेळून खेळून रबर कडक आणि गुळगुळीत झाले की चेंडू जाळीत टिकत नाही, खेळाडू तो टाकून देतात. अंग दाबायला मात्र तो तसाच चालतो. कुत्र्याला हा चेंडू कधी देऊ नये. रबराचा तुकडा तुटून आतड्यात अडकला तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जाण्याची वेळ येईल.

बाकी सामानाचे थोडक्यात. सहा फूट लांब, सहा फूट उंच गोलाची फाटकी जाळी दोडक्याच्या, कारल्याच्या मांडवाला उत्तम. वेलाच्या तणाव्यांना नायलॉन धरायला आवडते. हातमोजे मात्र फसवतात. दिसतात इतके जाड की बाभळीचे काटे तोडायला घ्यावेत. पण प्रतिस्पर्ध्याची काठी हाताच्या पाठीवर बसते, म्हणून सगळी गादी पाठीवर. तळवा मुद्दाम पातळ ठेवलेला, दांड्याच्या कडा कळाव्यात म्हणून. काटा थेट आत जाईल.

आणि हेल्मेट. इथे माझा सगळा युक्तिवाद उलट्या बाजूने कामाला येतो. शिरवळ सोडून साताऱ्याकडे निघाले की खंबाटकीचा घाट. या महामार्गावर डोक्याला काहीतरी कडक आहे एवढ्या समाधानावर गाडी हाकणारे कमी नाहीत. खेळाच्या हेल्मेटलाही कवच असते, पट्टा असतो, वर चेहऱ्याला जाळी. मग दुचाकीवर का नको? कारण दोघांचे काम एक नाही. लॅक्रोसच्या हेल्मेटने चेंडूचे आणि काठीचे फटके पुन्हा पुन्हा सोसायचे असतात, म्हणून त्याच्या आतली गादी दबते आणि परत फुगते. दुचाकीच्या हेल्मेटातला थर्मोकोलसारखा थर एकदाच, पण जिवावरच्या आदळण्यासाठी असतो. तो चिरडतो आणि चिरडतानाच डोक्यावरचा भार स्वतःवर घेतो. एकदा आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बाद झाले, आपटलेल्या कैरीसारखेच. म्हणून भारतात रस्त्यावर आयएस 4151 या मानकाचेच हेल्मेट हवे. क्रिकेटचे नको, लॅक्रोसचे नको. त्याच न्यायाने जुने, कोणाचे तरी वापरलेले काठी-चेंडू खुशाल घ्यावेत. वापरलेले हेल्मेट कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. त्याने काय सोसले आहे ते त्याच्याकडे बघून कळत नाही.

सर्वांत अवघड हरकत शेवटी. खेळाच्या सामानाचा मैदानाबाहेर होणारा वापर आपल्या वर्तमानपत्रांत रोज छापून येतो: हॉकी स्टिक, बॅट, स्टंप, आणि कोणाचे तरी फुटलेले डोके. जाळी काढून टाकली की लॅक्रोसची काठी म्हणजे धातूची नळीच. हे नाकारून चालणार नाही. गोफणही लढाईत होती. तिच्या दगडाला गोफणगुंडा असे स्वतंत्र नाव मिळाले ते उगाच नव्हे, आणि शिरवळच्या सुभानमंगळ किल्ल्यासाठी 1648 साली लढाई झाली तो काळ अशाच हत्यारांचा होता. नीरेकाठच्या त्या भुईकोटाचे आज थोडे अवशेष उरले आहेत. तरीही मला वाटते की कूळ सांगण्याचा उपयोग इथेच सर्वांत जास्त आहे. ज्या पोराला काठी फक्त जिंकण्यासाठी दिली, त्याच्या लेखी ती हरल्यावरही हाणायलाच उरते. तिने फळही झेलता येते, तिची जाळी आजीच्या शिंक्यासारखी विणता येते, हे ज्याने पाहिले आहे त्याला तिचे दुसरे काम माहीत असते. तेवढ्याने भांडणे थांबणार नाहीत. पण काठी कशासाठी घेतली याचे उत्तर त्याच्याकडे एकापेक्षा जास्त असेल.

लॉस एंजेलिसचे ऑलिम्पिक 14 जुलै 2028 रोजी सुरू होईल. लॅक्रोस सहा-सहा जणांचे असेल, मैदान लहान असेल, बचावाच्या त्या लांब काठ्या त्यात नसतील. तोवर शिरवळच्या बांधांवरचे आंबे उतरवून झालेले असतील, बरण्यांची तोंडे बांधलेली असतील आणि झेला पुन्हा वळचणीला गेलेला असेल.