इंग्रजीचा उंबरठा

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला, म्हणजे पेठापेठांतून दुसरा विषय निघत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांचा सामना असला, की वडिलांच्या खांद्यावर बसून आलेले पाच-सहा वर्षांचे मूलही 'पास', 'गोल', 'कॉर्नर', 'पेनल्टी' हे शब्द न अडखळता उच्चारते. हे शब्द त्याला कोणी घोकावयास लावलेले नसतात. त्यांतील एकाचेही स्पेलिंग त्याला येत नसते. तरीसुद्धा 'पास' म्हणजे काय, हे त्याला पक्के ठाऊक असते. कारण संध्याकाळी गल्लीत चेंडू खेळताना त्याच्या पायांनीच तो शब्द शिकून घेतलेला असतो.

हेच मूल दुसऱ्या दिवशी शाळेत इंग्रजीच्या तासाला बसते, तेव्हा पुष्कळदा त्याची वाचा बंद होते. मैदानावर ज्या भाषेचे शब्द त्याने मोठ्याने आरोळी देऊन वापरले, तीच भाषा वर्गात त्याला भयंकर वाटू लागते. असे का व्हावे, याचा विचार शिक्षणाची आस्था असणाऱ्या प्रत्येकाने करण्याजोगा आहे.

महाराष्ट्रातील मराठी शाळांतून पूर्वी इंग्रजीचा आरंभ पाचव्या इयत्तेत होत असे. सन 2000 पासून तो पहिल्या इयत्तेत होऊ लागला. त्या वेळी बराच वाद झाला. मातृभाषेची मुळे नीट रुजण्यापूर्वीच कोवळ्या मनावर परभाषेचा भार पडेल, अशी काहींना चिंता वाटली. श्रीमंतांच्या मुलांना जे लहानपणी मिळते, ते गरिबांच्या मुलांनाही मिळाले पाहिजे, असे दुसऱ्यांचे म्हणणे होते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. परंतु इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून शिकवावी, या वादाच्या धुरळ्यात ती कशी शिकवावी, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न काहीसा झाकून गेला.

कोल्हापूरला या प्रश्नाकडे पाठ फिरविता येणार नाही. नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. पुढे मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी आपल्या इंग्रजी वक्तृत्वाने राज्यकर्त्यांना विचार करावयास लाविले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्यासंबंधीचे विधेयक त्यांनी 1911 साली तेथे मांडिले. 1912 मध्ये ते फेटाळले गेले. पण जे कलकत्त्यास घडले नाही, ते कोल्हापुरात घडले. 1917 साली राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची आज्ञा केली आणि शेतकऱ्याच्या, कारागिराच्या व अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलांसाठी शाळेचे दार उघडले. ज्यांच्या घरात इंग्रजीचे एक वाक्यही कोणी बोलत नाही, अशी मुले आज त्या दारातून आत येतात. ज्या मुलाच्या घरी इंग्रजी पुस्तके आहेत, ते शाळेत शिकले नाही तरी घरी शिकेल. ज्याच्या घरी काहीच नाही, त्याला शाळेवाचून दुसरा आधार नाही. त्याच्या मनात भीती बसली, तर बाहेरून उघडलेले दार आतून बंद होते.

ही भीती उपजत नसते. मूल मातृभाषा कसे शिकते, ते पाहावे. वर्षभर ते नुसते ऐकत असते. मग मोडके-तोडके शब्द बोलू लागते. जेवणाला ते 'मम्मम' म्हणते आणि आई त्याला रागे भरत नाही. उलट कौतुकाने चार शेजारणींना सांगते. शेकडो चुका करीत आणि प्रेमाचा वर्षाव झेलीत ते भाषेत पाऊल टाकते. इंग्रजीच्या बाबतीत हा क्रम उलटा होतो. आधी अक्षरे गिरवावयाची, मग स्पेलिंगे घोकावयाची, आणि बोलण्याची पाळी आली तर सर्वांत शेवटी. त्यातही एखादा उच्चार चुकला, की सारा वर्ग हसतो. एकदा असे हसू झेललेले मूल पुन्हा तोंड उघडताना दहा वेळा विचार करते.

परभाषा आनंदाने शिकविण्याचा विचार काही आजचा नाही. कोमेनिअस या शिक्षणतज्ज्ञाने 1658 साली मुलांसाठी एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. त्या काळी युरोपात लॅटिन भाषा छडीच्या धाकाने शिकविली जात असे. कोमेनिअसने पानापानावर परिचित वस्तूंची व व्यवसायांची चित्रे दिली आणि त्यांच्याजवळ लॅटिन व जर्मन अशी दोन्ही भाषांतील वाक्ये छापली. अक्षरांची ओळख तर त्याने पशुपक्ष्यांच्या आवाजांवरून करून दिली. आपल्याकडे रवींद्रनाथ टागोरांनी मातृभाषेतून शिक्षणाचा आयुष्यभर आग्रह धरला आणि त्याच रवींद्रनाथांनी बंगाली मुलांसाठी इंग्रजीची सोपी पुस्तकेही लिहिली. या दोन गोष्टींत त्यांना विरोध दिसला नाही.

कोल्हापुरातील कोणत्याही शाळेला हे साधन हाताशी आहे. पहिलीच्या बाईंनी मुलांना एवढेच सांगावे, की उद्या घरून एकेक इंग्रजी शब्द घेऊन या. उद्यमनगरातील कामगाराचा मुलगा 'बोल्ट', 'लेथ' आणि 'वेल्डिंग' घेऊन येईल. दुसरी मुलगी 'बस', 'कंडक्टर' आणि 'स्टँड' आणील. ज्या गावात बाबूराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा तयार करून चित्रपट काढले, त्या गावातले मूल 'कॅमेरा' आणि 'शूटिंग' हे शब्द सहज सांगेल. आपल्याला इंग्रजी येत नाही, असे समजणाऱ्या वर्गाचा फळा पाहता पाहता भरून जाईल. मग बाईंनी विचारावे, 'चावी' आणि 'पाव' हे शब्द कोठले? ते पोर्तुगीज भाषेतून आले, हे ऐकून मुले चकित होतील. आणि मुंगसाला इंग्रजीत 'मंगूस' म्हणतात, तो शब्द इंग्रजांनी मराठीतूनच उचलला, असे कळताच एखादा मागच्या रांगेतून ओरडेल, "बाई, मग ह्यो तर आपलाच शब्द हाय की!" त्या क्षणी त्या मुलाच्या मनातील इंग्रजीचे परकेपण निम्मे नाहीसे झालेले असते. भाषा एकमेकींकडून घेतात आणि एकमेकींना देतात. त्यात लाजण्याजोगे काही नाही.

पुढची पायरी कृतीची. 'ऊठ', 'बस', 'दाराला हात लाव', 'दोन उड्या मार' अशा आज्ञा बाईंनी इंग्रजीत द्याव्यात आणि मुलांनी त्या करून दाखवाव्यात. काही दिवसांनी मुलांनीच बाईंना आज्ञा कराव्यात. बाईंना उड्या मारावयास लावण्यासाठी मुले जे वाक्य शिकतील, ते जन्मभर विसरणार नाहीत. कधी वर्गात भाजीचा बाजार मांडावा आणि वांगी, टोमॅटो, मिरच्या यांचा भाव इंग्रजीत ठरवावा. स्पेलिंगेसुद्धा गमतीची होऊ शकतात. 'नाइफ' या शब्दात पहिले अक्षर लिहावयाचे, पण उच्चारावयाचे नाही. अशा मुक्या अक्षरांचा शोध घेण्याचा खेळ मुले आवडीने खेळतात.

कोल्हापुरात या विचाराला भक्कम आधार देणारे एक उदाहरण आहे. शिक्षक घडविण्याच्या कार्यात आयुष्याचा मोठा भाग घालविलेल्या लीलाताई पाटील यांनी 1985 साली येथे 'सृजन आनंद विद्यालय' ही प्राथमिक शाळा सुरू केली. ती मराठी माध्यमाची शाळा आहे. मूल स्वतः पाहते, करते, विचारते आणि त्यातूनच शिकते, ही त्या शाळेमागील श्रद्धा. लीलाताई 2020 साली निवर्तल्या. परंतु शिक्षण अर्थपूर्ण असले म्हणजे ते आनंदाचे होते, हा त्यांचा विचार पुष्कळ शिक्षकांनी आपलासा केला आहे. मातृभाषेत मोकळेपणाने प्रश्न विचारणारे मूल दुसऱ्या भाषेतही प्रश्न विचारण्यास कचरत नाही, हा त्या विचारातून निघणारा बोध इंग्रजीच्या शिक्षकाने लक्षात ठेवावा.

याचा अर्थ केवळ खेळ खेळून इंग्रजी येईल, असा मात्र नाही. ज्या खेळातून एकही नवे वाक्य मुलाच्या तोंडी बसत नाही, तो मधल्या सुट्टीतच शोभतो. पाठांतरालाही स्थान आहे. पण आधी अर्थ कळावा आणि मग पाठ व्हावे. वर्गात मुले पुष्कळ असतात, आणि कित्येक शिक्षकांना स्वतःलाच इंग्रजी बोलण्याचा संकोच वाटतो. अशा शिक्षकाने मुलांबरोबर शिकावयास लाजू नये. एखादा शब्द अडला, तर "चला, आपण मिळून शब्दकोशात पाहू," असे म्हणणारे गुरुजी मुलांना त्या शब्दापेक्षा मोठी गोष्ट शिकवीत असतात.

इंग्रजी ही ज्ञानाची व व्यवहाराची भाषा आहे आणि ती आपल्या मुलांना आली पाहिजे, याविषयी आज फारसा मतभेद नाही. प्रश्न आहे तो ती कोणाला येणार, याचा. ती काही थोड्या घरांची मिरास होऊन राहिली, तर समाजात एक नवी उतरंड तयार होईल. फुटबॉलच्या मैदानावर कोणाचे कूळ, कोणाचे घर कोणी विचारीत नाही. ज्याच्या पायाशी चेंडू येतो, त्याने तो पुढे न्यावयाचा असतो. इंग्रजीच्या तासालाही प्रत्येक मुलाच्या पायाशी चेंडू आला पाहिजे. पहिल्या फटक्यात तो भलतीकडे गेला, तरी चालेल. खेळावयास मिळाले, तर मूल नेमही शिकते.