शेवटचा बाइट सुटेपर्यंत थांबतो हो तो!

आरएस-४८५च्या एकाच जोडीवर एका वेळी एकानेच बोलायचं, हे चिखली ते चाकण पट्ट्यात एनर्जी मीटर आणि व्हीएफडी जोडणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. बोलताना ट्रान्सीव्हरची डीई पिन वर, बोलून झालं की खाली. पण ‘बोलून झालं’ म्हणजे नेमकं कधी? सगळी गंमत इथेच आहे! चिखलीतल्या एका शेडमध्ये स्कोपवर ती डोळ्यांनी पाहिली आणि तेव्हापासून भेटेल त्याला ऐकवत सुटलोय.

मीटरला विचारायची मॉडबस फ्रेम आठ बाइटांची: ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी. आपला ‘राइट’ कॉल परततो तेव्हा हे बाइट नुसते कर्नलच्या बफरमध्ये पडलेले असतात. पुढे फिफो रिकामा झाल्याचा इंटरप्ट येतो, तेव्हाही तो शेवटचा ०बी शिफ्ट रजिस्टरमधून एकेक बिट करत बाहेर पडतच असतो! ९६०० बॉडला एका बाइटाला साधारण एक मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात डीई पाडली की वाक्य पुरं व्हायच्या आत फोन ठेवल्यासारखं होतं: सीआरसी जुळत नाही, मीटर ढिम्म. बरं, उशिरा पाडावी तर मीटरचं उत्तर सुरू झालेलं आणि तार अजून आपणच धरून बसलेलो. प्रोग्राममधून हे साधायचं म्हणजे सगळा शेड्यूलरच्या मर्जीचा मामला.

आणि लिनक्समध्ये याची सोय कधीचीच आहे! डीई पोर्टच्या आरटीएसला जोडायची, ‘सिरीयल_आरएस४८५’ हे स्ट्रक्चर भरायचं, एक आयओसीटीएल मारायचा. बस्स! ८२५० जातीच्या पोर्टांचा कोड फिफोवर विसंबत नाही. शिफ्ट रजिस्टरही रिकामं झाल्याचा टीईएमटी बिट तपासतो आणि मगच आरटीएस सोडतो. काही चिपांत तर हे हार्डवेअरच करतं. स्कोपवर वरच्या रेघेत ०बीचा स्टॉप बिट संपतो न संपतो, तोच खालची डीई टपकन खाली! अहाहा.

एक मात्र बघा: बोर्डावर मध्ये इन्व्हर्टर असेल तर आरटीएसची दिशा उलटते. ‘आरटीएस ऑन सेंड’ हा फ्लॅग त्यासाठीच आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये लिहून ठेवलं तर बोर्ड चालू होतानाच पोर्ट या मोडमध्ये येतो, प्रोग्रामला पत्ताही नसतो.

डीई पाडण्याआधी ‘यूस्लीप’ घालून वेळ मारून नेणारा कोड कुणाकडे असेल तर सांगा. स्कोप घेऊन मीच येतो!