महाडची वाट आणि साठीतली नजर

मुंबईहून महाड साधारण पावणेदोनशे किलोमीटर. पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, लोणेरे अशी गावे मागे टाकीत गोवा महामार्ग तिथे पोहोचतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या दिवसाची आठवण म्हणून दरवर्षी ही वाट निळ्या झेंड्यांनी भरून जाते. एस.टी., टेम्पो, जीप, मोटारसायकली, मिळेल त्या वाहनाने माणसे येतात. पुष्कळजण पहाटे अंधारात निघतात आणि अभिवादन करून रात्री उशिरा परततात. गाडी हाकणारा बहुधा आपल्यातलाच कोणी वडीलधारा असतो. म्हणून महाडच्या वाटेविषयी लिहिताना त्याच्या डोळ्यांविषयीही लिहिले पाहिजे असे आम्हाला वाटते.

यंदा आम्ही लहानथोर मिळून सातजण निघालो. गाडीवर आमचे दादा. वय ६३, उभी हयात टॅक्सी चालवण्यात गेली. त्यांनी आदल्या दिवशीच बजावले होते, "उजाडल्याशिवाय गाडी हलणार नाही." तरुण मुले कुरकुरली, पण दादांनी ऐकले नाही. निघण्याआधी त्यांनी पुढची काच आतून-बाहेरून पुसली, दिव्यांच्या काचा पुसल्या, चष्माही पुसला. काचेवरच्या धुळीवर समोरचा उजेड पडला की सगळी काच पांढरी होते, हे त्यांचे म्हणणे.

पनवेल सोडले की कर्नाळ्याचे अभयारण्य लागते. लख्ख उन्हातून गाडी एकदम झाडांच्या सावलीत शिरते आणि पुन्हा उन्हात येते. विशीतल्या माणसाला त्याचे काही वाटत नाही. वय वाढले की डोळ्याची बाहुली लहान होते, अंधारात पूर्वीसारखी मोठी होत नाही. आतले भिंगही पिवळसर होत जाते. त्यामुळे साठीच्या डोळ्यात विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. सावलीतली सायकल, काळ्या कपड्यातला माणूस, कडेचे ढोर उशिरा दिसते. दादा अशा जागी आधीच वेग कमी करतात.

पुढे नागोठण्यानंतर सुकेळी खिंड. या महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. कामामुळे वाट वळवलेली असते तिथे पाटी वाचून क्षणात निर्णय घ्यावा लागतो. चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे होते, म्हणून तर त्या चष्म्याला आपण चाळिशी म्हणतो. पण पेपर वाचायची चाळिशी लावून लांबची पाटी दिसत नाही. गाडी चालवणाऱ्याने दूरच्या नजरेचा नंबर वेगळा तपासून घ्यावा. दोन भिंगांचा चष्मा नवीन असेल तर आधी पायी चालताना त्याची सवय करावी.

महाडच्या अलीकडे, रस्त्यालगतच्या डोंगरात गांधारपाले येथील बौद्ध लेणी आहेत. महाडला जाणाऱ्यांतले कितीतरी लोक ती खालूनच पाहून पुढे जातात. आम्ही पायऱ्या चढून गेलो. ओसरीचे खांब, भिक्खूंच्या निवासाच्या खोल्या, ब्राह्मीतले शिलालेख. ज्या महाडात आपल्याला पाणी नाकारले गेले, त्याच्या वेशीवर आपल्या धम्माचा हा ठेवा शेकडो वर्षे उभा होता, हे मुलांना इथेच सांगावे.

बाहेर मार्चचे ऊन होते. आतल्या काळोख्या दालनात शिरताच मुलांना भिंतीवरची मूर्ती दिसली. दादा उंबऱ्याशीच थांबून म्हणाले, "तुम्ही सगळे बघताय, मला अजून भिंतसुद्धा दिसेना. रात्री समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर आले की असंच होतं."

कुणी काही बोलले नाही. पण पहाटे कुरकुरणाऱ्या मुलांना उत्तर मिळाले होते. उजेडातून अंधारात आल्यावर वयस्क डोळ्याला सावरायला जास्त वेळ लागतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. पाच सेकंद डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ऐंशीहून जास्त मीटर रस्ता न बघताच कापला जातो, आणि गाडीत सात जीव असतात.

तळ्यावर अभिवादन केले, क्रांतिस्तंभाला वंदन केले. भीमगीते ऐकून निघेपर्यंत सूर्य कलला होता. दादांनी आपण होऊन किल्ली भाचीच्या हाती दिली. तिचे लायसन तीन वर्षांचे. दादा शेजारी बसले. "समोरून मोठे दिवे आले तर त्यांच्याकडे बघू नकोस, डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेव, वेग उतरव," असे सांगत राहिले. अनुभव त्यांचा, नजर तिची, असे आम्ही सुखरूप घरी आलो.

किल्ली देणे सोपे नसते हे आम्ही जाणतो. आपल्या कितीतरी घरांची चूल टॅक्सी, रिक्षा, टेम्पोवर पेटते. डोळे तपासले आणि लायसन गेले तर खायचे काय, या भीतीने माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही. पण दिव्यांभोवती वलये दिसणे, उजेडाने डोळे दिपणे ही मोतीबिंदूची लक्षणे असू शकतात, आणि मोतीबिंदू शस्त्रक्रियेने जातो. सरकारी रुग्णालयांत ती मोफत होते. काचबिंदू मात्र बहुधा न दुखता बाजूची नजर खातो, गेलेली नजर परत येत नाही. मधुमेह असेल तर पडदा दरवर्षी तपासलाच पाहिजे. वेळेवर तपासणारा माणूस अधिक वर्षे गाडी चालवतो.

२०१९ च्या दुरुस्तीनुसार पंचावन्न वर्षांनंतर लायसन पाच-पाच वर्षांनी नवे करावे लागते. पाच वर्षांत डोळा पुष्कळ बदलतो, तेव्हा लायसनाच्या तारखेची वाट पाहू नये. रात्री गडद चष्मा लावू नये. मुक्कामाची सोय असेल तर मुक्काम करावा. घरातल्या मुलींनाही गाडी शिकवावी.

सम्यक दृष्टी हे अष्टांगिक मार्गाचे पहिले अंग. जे आहे ते जसेच्या तसे पाहणे, आपल्या कमी झालेल्या नजरेसकट, हाही तिचाच भाग आहे. पुढच्या २० मार्चला महाडला जरूर या. त्याआधी चालवणाऱ्याचे डोळे तपासून घ्या.

जय भीम!