गुंतवळ आणि शेवटचं पाणी

माझ्या टेबलावर रक्ताच्या रिपोर्टांपेक्षा जास्त वेळा गुंतवळ आली आहे. वर्तमानपत्राच्या पुडीत, धुतलेल्या दुधाच्या पिशवीत, एकदा तर कुंकवाच्या डबीत. "पाहा ना मॅडम, रोजचे एवढे केस जाऊन रायले," असं म्हणत बाई ती पुडी माझ्यापुढे सरकवते. भंडारा जिल्ह्यात आयुर्वेदाची प्रॅक्टिस करताना मी एक सवय लावून घेतली आहे. औषधाचं नाव काढण्याआधी ती गुंतवळ पांढऱ्या कागदावर पसरायची, दहा-वीस केस सुटे करायचे आणि एकेकाची टोकं बघायची.

एका टोकाला मोहरीहून बारीक पांढरा ठिपका असेल तर तो केस मुळापासून सुटलेला, म्हणजे झडलेला. असे ५० ते १०० केस रोज कुणाचेही जातात. दोन्ही टोकं नुसतीच, लांबी आखूड, एखादं टोक फाटून दोन झालेलं असेल तर तो तुटलेला. वेणी बारीक होते ती दोन्हींमुळे, म्हणून बाईला ते दुखणं एकच वाटतं. पण झडलेल्याचं कारण अंगात शोधावं लागतं आणि तुटलेल्याचं न्हाणीत. शिकेकाई, आवळा, जास्वंदीच्या पाण्याबद्दल मला रोज कुणी ना कुणी विचारतं. ते पाणी तुटणाऱ्या केसाच्या कामाचं आहे. झडणाऱ्या केसाला त्याचा उपयोग नाही.

त्वचेबाहेर आलेला केस जिवंत नसतो. त्याला रक्त नाही, मज्जातंतू नाही, म्हणून त्याची जखमही भरत नाही. फाटलेलं टोक कोणत्याही काढ्याने सांधत नाही आणि तसं कुणी बाटलीवर छापलं असेल तर ते खोटं आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंतच्या वेणीचं टोक पाच-सहा वर्षांचं असतं. तेवढ्या वर्षांचं ऊन, पाणी, साबण आणि कंगवा त्याने सोसलेला असतो. केसाच्या अंगावर खवल्यांचा थर असतो, आमच्याकडच्या घरांवर कवेलू एकावर एक रचतात तसा. कवेलू बसलेले असतील तर पाणी वरून ओघळतं आणि केस चमकतो. साबणाचा सामू, म्हणजे पीएच, नऊ-दहाच्या घरात असतो आणि डोक्याच्या त्वचेचा साडेपाचच्या आसपास. साबणाने कवेलू उचलले जातात, एकमेकांत अडकतात, कंगवा ओढला की मोडतात. शिकेकाई आणि आवळ्याचं पाणी आंबटाकडे झुकणारं असतं. त्याने उचललेले कवेलू पुन्हा खाली बसतात. मोडलेले परत येत नाहीत, पण उरलेले तरी वाचतात.

आमच्या भागात साबणाहून मोठा गुन्हेगार म्हणजे बोअरचं पाणी. माझ्या आजीच्या लहानपणी बायका बोडीवर न्हायला जायच्या. इथे तलाव आणि बोड्या इतक्या की जिल्ह्याची ओळखच त्यांच्यावर आहे. कोहळी समाजाने बांधलेले जुने मालगुजारी तलाव आजही धानाला पाणी देतात. बोडीत साठायचं ते पावसाचं पाणी, हलकं. काठची काळी माती रात्री भिजत घालायची, सकाळी तिचं मऊ गंधासारखं पाणी डोक्याला लावायचं आणि भरपूर पाण्यात धुऊन टाकायचं. माती तेल आणि घाम शोषून घ्यायची, केसावर क्षार राहायचे नाहीत. आता न्हाणं घरात आलं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण नळाला आलेलं पाणी कित्येक गावांत जड असतं. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, त्यातला चुना साबणाशी मिळून एक चिकट पांढरा साका तयार करतो आणि तो केसाला धरतो. बादलीच्या काठावर जी पांढरी रेघ दिसते, तीच थोडीथोडी डोक्यावर साचते. पोरी म्हणतात, केस झाडूसारखे झाले. त्यांचं बरोबर असतं.

म्हणून माझं पहिलं औषध वनस्पतीचं नसतंच. डोक्याला कपड्याचा किंवा अंगाचा साबण लावायचा नाही. पावसाळ्यात पन्हाळीखाली, पहिल्या दोन-तीन सरी वाहून गेल्यावर, एक स्वच्छ बादली ठेवायची आणि न्हाण्याचं शेवटचं पाणी त्यातलं घ्यायचं. उरलेल्या वर्षात शेवटच्या पाण्यासाठी काढा. एक तांब्याभर पुरतो, तो वाया घालवायचा नाही.

काढा असा. सुक्या शिकेकाईच्या सात-आठ शेंगा बिया काढून आणि मूठभर सुका आवळा एक लिटर पाण्यात रात्री भिजवायचा. सकाळी मंद आचेवर दहा मिनिटं उकळायचा, पूर्ण गार होऊ द्यायचा आणि सुती कापडातून दोनदा गाळायचा. गाळण्याचा कंटाळा करणाऱ्या बायका महिन्याभरात परत येतात, डोक्यात कोंडा झाला म्हणून. तो कोंडा नसतो, शिकेकाईचा चोथा असतो. आणि 'गार' हा शब्द मी दोनदा सांगते. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या दिनचर्येत लिहून ठेवलं आहे की गळ्याखाली गरम पाण्याने बळ मिळतं, पण तेच डोक्यावर ओतलं तर केसांचं आणि डोळ्यांचं बळ जातं. थंडीत कोमट चालेल. वाफाळतं नाही.

भांड्याबद्दलही सांगायला हवं, कारण भंडारा हे पितळी भांड्यांचं गाव. इथल्या घरात पितळेचं पातेलं असतंच आणि आजीचं म्हणून ते आवडीने वापरलं जातं. कल्हई उडालेल्या पितळेत आवळा उकळू नका. आंबट पाण्यात तांबं उतरतं आणि केसात शिरलेलं तांबं उन्हाने होणारं नुकसान वाढवतं. स्टीलचं पातेलं घ्या. लोखंडी कढईत आवळा रात्रभर ठेवला की पाणी काळंभोर होतं. आवळ्यातलं तुरट द्रव्य आणि लोखंड मिळून जुन्या काळच्या शाईचंच रसायन बनतं. पांढऱ्या केसांवर त्याची हलकी छटा येते, टॉवेलवर आणि न्हाणीच्या फरशीवर मात्र ती गडद बसते. ज्यांना ती छटा हवी त्यांनी जरूर करावं.

केस धुऊन झाल्यावर गुंता सुटत नसेल तर शिकेकाई कामाची नाही, तिथे बुळबुळीत पदार्थ लागतो. आमच्याकडे धान निघायच्या आधी त्याच बांधीत लाखोडी आणि जवस फेकतात, ओलाव्यावर ते येतं. तोच जवस एक चमचा घ्यायचा, दोन कप पाण्यात उकळायचा. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार दिसू लागली की लगेच, गरम असतानाच गाळायचं. गार झालं की ते कापडातून उतरत नाही, सगळा गोळा होतो. त्यात चौपट पाणी मिसळून फक्त कानाखालच्या केसांना लावायचं. टाळूला नाही. जास्वंदीची आठ-दहा पानं पाण्यात कुस्करली तरी तेच मिळतं. कंगवा त्या बुळबुळीतून सहज उतरतो आणि ओढाताणीत तुटणारे केस वाचतात.

आणि तांदळाचं धुवण. धानाच्या जिल्ह्यात राहून ते आपण मोरीत ओततो याचं मला खरंच वाईट वाटतं. जपानात हेइआन काळातल्या स्त्रिया तांदूळ धुतलेल्या पाण्याने केस विंचरत आणि चीनच्या ग्वांगशीतल्या हुआंगलुओ गावच्या याओ बायका अजूनही आंबवलेलं धुवण वापरतात. ते काय करतं हे समजायला आम्हाला इतकं लांब जायला नको. पवनी, मोहाडी, आंधळगावच्या विणकरांना विचारा. मागावर चढवण्याआधी सुताला खळ का लावतात? घर्षणात तुटू नये म्हणून. धुवणातला स्टार्च केसावर तसाच पातळ थर चढवतो. पण खळ जास्त झाली की सूत ताठ होतं, तसा केसही होतो. म्हणून आठवड्यातून एकदाच, दुसऱ्या धुण्याचं पातळ पाणी, पाच मिनिटं ठेवून साध्या पाण्याने धुऊन टाकायचं. उन्हाळ्यात एका रात्रीहून जास्त आंबवू नका, वास येऊ लागला की टाकून द्या.

माक्याविषयी लोकांच्या अपेक्षा फार असतात. पावसाळ्यात बांधीच्या धुऱ्यावर तो आपोआप उगवतो, बारीक पांढरं फूल, पान बोटावर चोळलं की रस काळा पडतो. आयुर्वेदात त्याला भृंगराज आणि केशराज म्हणतात. मी तो तिळाच्या तेलात सिद्ध करून वापरते, न्हाण्याआधी लावायला. पण माक्याने टक्कल भरून येतं असं मी कोणाला सांगत नाही. आणि तो कुठून आणला हे आधी विचारते. धानावर तुडतुड्यासाठी फवारणी झाली की धुऱ्यावरच्या माक्यावरही ते विष बसतं. घरामागे सांडपाण्याच्या बाजूला नव्हे, परसात एका कुंडीत लावा, बारा महिने पुरेल.

तेलाची गोष्ट निघालीच आहे तर, खोबरेल न्हाण्याआधी लावणं ही आजीची पद्धत शास्त्रालाही मान्य आहे. २००३ मध्ये मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केसातलं प्रथिन धुतल्यावर वाहून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं, कारण त्याचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसात शिरतो. कंपनी खोबरेल विकणारी आहे हे खरं, पण त्यामागचं कारण रसायनशास्त्राला धरून आहे.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातून एक चूक झाली. तेलकट डोक्याच्या एका कॉलेजच्या मुलीला मी रिठ्याचं पाणी एक दिवसाआड सांगितलं. घरगुती आहे, नुकसान काय व्हायचं, असं मीही समजत होते. दीड महिन्याने ती आली तेव्हा केस कडक झाले होते, डोळे चुरचुरत होते. रिठ्याचा फेस साबणाइतकाच सगळं तेल धुऊन नेतो. त्या दिवसापासून मी 'नैसर्गिक' हा शब्द चिठ्ठीवर लिहीत नाही. खायचा सोडा अल्कधर्मी आहे, तो डोक्याला नको. निखळ लिंबूरसही नको, तांब्याभर पाण्यात चमचाभर पुरे. आणि 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या स्वस्त पुड्यांतला काळा रंग मेंदीचा नसतो, पीपीडी नावाच्या रसायनाचा असतो. डोळे उघडता येणार नाहीत इतका चेहरा सुजलेली बाई मी माझ्या दवाखान्यात पाहिली आहे. खऱ्या मेंदीचा रंग केशरी-तांबडाच येतो.

काही केस तर ना पाण्याने तुटतात ना साबणाने. रोवणीच्या दिवसांत डोक्यावर पऱ्ह्यांचं, म्हणजे धानाच्या रोपांचं, ओझं, नंतर गवताचा भारा. चुंबळीखालचे केस घासून घासून टाळूवर आखूड उभे राहतात. बाई म्हणते, नवे केस उगवून रायले. ते नवे नसतात, तुटलेले असतात. तिला मी काढा देत नाही. चुंबळीखाली मऊ सुती फडकं घ्या आणि ओले केस आंबाड्यात बांधून शेतावर जाऊ नका, इतकंच सांगते. ओला केस ताणला की लवकर तुटतो.

आणि गुंतवळीत पांढरे ठिपके दिसले, तेही मुठीने, तर मी पाण्याची गोष्टच काढत नाही. बाळंतपण कधी झालं, मोठा ताप कधी आला, हे विचारते. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस जातात आणि बहुतेक वेळा आपोआप परत येतात. पाळीत रक्त किती जातं, जेवणात काय असतं, हे विचारते. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला पाठवते. पूर्व विदर्भात सिकलसेल आहे, म्हणून ती तपासणी झाली नसेल तर तीही. सात हिमोग्लोबिनच्या बाईला शिकेकाई लिहून देणं म्हणजे तिचे सहा महिने वाया घालवणं. केस ही तिची तक्रार असते, आजार रक्तात असतो, आणि केसांच्या निमित्ताने का होईना ती दवाखान्याची पायरी चढलेली असते.

गेल्या दिवाळीच्या आधी लाखनीकडची एक मुलगी आली होती. लग्न ठरलेलं, केस सरळ करून घेतलेले, दोन महिन्यांत टोकं जळल्यासारखी. सोबत आई. सगळं सांगून झाल्यावर मी म्हटलं, चार बोटं केस कापावे लागतील, त्याला दुसरा इलाज नाही. आई म्हणाली, "लग्नाच्या तोंडावर केस कापतेत का मॅडम?" मुलगी काही बोलली नाही. महिन्याभराने एकटीच आली, वेणी चार बोटं नाही, वीतभर आखूड. शेवटचं पाणी गार घेते, जवस गरम असतानाच गाळते, एवढं तिने आपणहून सांगितलं. कापलेली वेणी तिने ठेवून दिली होती, केसांवर भांडी देणारा गावात येतो त्याच्यासाठी. आईला त्यात एक स्टीलचं पातेलं मिळालं आणि आता आवळा त्याच पातेल्यात उकळतो.