इंजिन गार होईपर्यंत

हैदराबादेत पाणी गोठत नाही. त्यामुळे ‘अँटिफ्रीझ’ लिहिलेला डबा घेऊन आबिड्सच्या गल्लीतल्या मेकॅनिकसमोर उभं राहिलं, की तो आधी डब्याकडे बघतो, मग आपल्याकडे. “क्या साब, ये रंग का पानी कायकू? नल्ले का पानी डालो, बस.” हे ऐकून ऐकूनच मी माझ्या जुन्या मारुती 800चं कूलंट घरी बदलायला लागलो.

त्याचं म्हणणं अगदीच फोल नाही. उष्णता वाहून न्यायला साध्या पाण्याचा हात धरणारं दुसरं काही नाही. त्यात निम्मं ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधला मूळ द्रव, घातलं, तर तेवढ्याच वजनाच्या मिश्रणाची उष्णता धरण्याची ताकद पाचव्या हिश्शाने कमी होते. म्हणजे जितकं दाट कूलंट तितकं इंजिन गार, हा समज उलटा आहे. पण मेकॅनिक सांगत नाही ती गोष्ट वेगळीच. या गाडीचं हेड ॲल्युमिनियमचं, जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा, त्याचे सांधे डाख देऊन जोडलेले, अधेमधे लोखंड. एकाच पाण्यात इतके धातू राहिले की त्यांच्यात वीज खेळते आणि झिजतं ते बहुधा ॲल्युमिनियम. ही झीज थोपवणारी रसायनं हा आपल्याकडच्या हवेत कूलंटचा खरा कामाचा भाग. जुन्या हिरव्या प्रकारात ती साधारण दोन वर्षांत खर्ची पडतात, ग्लायकॉलही हळूहळू आंबत जातं. डोळ्यांना मात्र सगळं हिरवंगारच दिसत राहतं, कारण तो निव्वळ रंग असतो. रंगावरून कूलंटचा प्रकारही नक्की कळत नाही. म्हणून रंग जुळला तरी दोन वेगवेगळे डबे एकत्र करू नयेत.

आता नळाच्या पाण्याचं. 1908च्या मुसीच्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांच्या योजनेतून 1920 साली गंडीपेटचा उस्मानसागर तलाव उभा राहिला आणि त्या पाण्याच्या गोडीचं कौतुक जुने हैदराबादी अजून करतात. पुढे शहर वाढलं तशी मांजरा आली, कृष्णा आली, गोदावरी आली. यातली एक बीडच्या पाटोद्याकडची, दुसरी महाबळेश्वरची, तिसरी त्र्यंबकची. शहराच्या नळाला येणाऱ्या या तिन्ही नद्या आमच्या माहेरच्या, याचा इथल्या मराठी माणसाला उगाचच अभिमान असतो. पण आमच्या इमारतीच्या हौदात नद्यांबरोबर बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचंही पाणी पडतं. बोअरचं पाणी ग्रॅनाइटच्या भेगांतून क्षार घेऊन येतं. गिझरची कॉइल काढून बघा, पांढरा थर दिसेल. तोच थर रेडिएटरच्या चपट्या, अरुंद नळ्यांत बसतो. मग मे महिन्यात सिग्नलला तापमानाचा काटा वर सरकतो आणि रेडिएटरवाल्याकडे रॉडिंग करून घ्यायची वेळ येते. तो वरची टाकी डाख सोडवून काढतो, एकेका नळीत पातळ सळई घालून खरवडतो आणि टाकी पुन्हा डाखतो. जुन्या तांब्याच्या रेडिएटरला हा उपाय एकदा-दोनदा चालतो. ॲल्युमिनियमच्या नव्या रेडिएटरला तोही चालत नाही. त्यापेक्षा इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याचं कॅन आणलेलं स्वस्त.

साहित्य एवढंच. एक पसरट टब, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, नरसाळं, जुनी फडकी, दोन नव्या होज क्लिपा. कठीण भाग हा की थांबावं लागतं.

पहिलं थांबणं झाकण उघडण्यापूर्वीचं. हैदराबाद समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच, त्यामुळे उघड्या पातेल्यातलं पाणी इथे 98 अंशांनाच उकळतं. रेडिएटरचं झाकण आत हवेच्या दाबाच्या जवळजवळ दुप्पट दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी 110 अंशांनाही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब क्षणात जातो आणि त्याच पाण्याची वाफ होऊन ती हातातोंडावर येते. वरून ओलं फडकं टाकलं म्हणजे झालं, असं सांगणाऱ्याच्या मनगटावर डाग आहे का ते आधी बघावं. मी गाडी शनिवारी रात्रीच सपाट जागेवर लावून ठेवतो. रविवारी दुकानं बंद असतात, गल्ली मोकळी असते आणि पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार मांडला जात असतो.

हीटर असेल तर त्याचा खटका गरम बाजूला सरकवायचा. या शहरात तो कुणी वापरत नाही, म्हणून त्याच्या नळ्यांत वर्षानुवर्षांचं पाणी तुंबून असतं. मग रेडिएटरचा खालचा प्लग सोडायचा. जुन्या गाडीत तो बहुतेक वेळा जाम असतो. त्याच्याशी झटापट करण्यापेक्षा खालच्या होजची क्लिप सैल करावी आणि पाइप न ओढता आधी थोडा पिळून सुटा करावा. बाहेर येणारं पाणी वाचता येतं. तांबूस असेल तर गंज आहे. वर तेलाचे ठिपके किंवा दुधाळ साय असेल तर हेड गॅसकेटची शंका घ्यावी आणि कूलंट भरायचा बेत तिथेच थांबवावा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचं, शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याचं.

इथे एक हिशेब बहुतेकजण चुकवतात. सगळं निथळलं असं वाटतं तरी इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बरंच पाणी उरलेलं असतं. वरून तयार मिश्रण ओतलं की ते आतल्या पाण्याने पातळ होतं. म्हणून धुतल्यानंतर मी न मिसळलेलं कूलंट घेतो, गाडीच्या एकूण क्षमतेच्या निम्मं मोजून आधी ओततो आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरतो. आपल्या हवेत तीस-चाळीस टक्क्यांवरही भागतं, पण डब्यावर लिहिलेल्या किमान प्रमाणाच्या खाली जाऊ नये.

दुसरं थांबणं याहून लांबतं. झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करायचं आणि उभं राहायचं. थर्मोस्टॅट बंद असतो तोवर पाणी इंजिनातच फिरतं. ऐंशीच्या पुढे तो उघडतो, वरचा होज एकदम गरम होतो, पातळी खाली जाते, बुडबुडे येतात. तेवढं पुन्हा भरायचं. पंखा सुरू होऊन बंद होईपर्यंत हे चालतं. आत हवा अडकून राहिली, तर पाणी भरलेलं असूनही हेडचा एखादा कोपरा कोरडा तापतो. मग झाकण लावायचं, कूलंटच्या जादा बाटलीत खुणेपर्यंत भरायचं आणि दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर पुन्हा बघायचं. गार झाल्यावर वरचा होज चपटलेला दिसला तर झाकणातली उलटी झडप अडकलेली असते. होज बदलू नका, झाकण बदला.

गॅरेजवाल्याला दोष द्यायचा नाही, पण या सगळ्यात हाताचं काम अर्ध्या तासाचं आणि थांबणं दिवसभराचं. त्याच्या दारात पाच गाड्या उभ्या असतात, तो गार व्हायची वाट बघेल कुठून? त्या घाईतूनच थर्मोस्टॅट काढून फेकण्याची रीत आली. काटा खाली राहतो, मालक खूश होतो. इंजिन मात्र कायम अर्धवट गार चालतं, पेट्रोल जास्त पितं आणि लवकर झिजतं. माझ्या मते जुन्या गाडीची बाकीची कामं खुशाल बाहेर द्यावीत, हे एक घरी करावं.

टबातल्या पाण्याचं शेवटी सांगतो, पण करायचं ते आधी. ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. शरीरात गेल्यावर त्याचे स्फटिक बनून मूत्रपिंडं निकामी होतात. मांजराला एखादा चमचाही पुरतो, कुत्र्याला आणि लहान मुलाला त्याहून थोडं जास्त. म्हणून निथळताना टबाजवळून हलू नका, सांडलेलं लगेच धुऊन काढा, टबातलं पाणी मोरीत किंवा रस्त्याकडेच्या गटारात ओतू नका. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहा आणि जळकं ऑइल व टाकाऊ द्रव रीतसर गोळा करणाऱ्या वर्कशॉपमध्ये नेऊन द्या. फक्त ते जळक्या ऑइलच्या पिंपात ओतू देऊ नका, वेगळं ठेवायला सांगा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर ते कधीच भरू नका.